बेकरीवाली गाव सोडते

४ नोव्हेंबर, सोमवार

बेकरीवाली गेली! दोन बॅगा, डोक्याला रुमाल, दाराला कुलूप. चौकात निळी बस येऊन थांबली, ती चढली, आणि काचेतून थेट माझ्याकडे बघून हात हलवला. मी खुर्चीत ताठ झाले.

गुरुवारी दुपारी मी गेममधलं माझं गाव नीट लावून ठेवलं होतं. सोळा घरं, शाळा, पाण्याची टाकी, सगळे खूश. शुक्रवारी मला दुसरं काम होतं, मग सुट्टी. आज उघडलं तर हे! तीन दिवस कुणी खेळलं नाही की गावातलं एक माणूस निघून जातं. मी दोष म्हणून नोंदवलं, क्रमांक ४१२. दहा मिनिटांत गेमचा कोड लिहिणाऱ्या पेत्तेरीचं उत्तर – दोष नाही, असंच हवंय, गुरुवारी ठरलं.

गुरुवारी कुठे? सौनात! ऑफिसच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आधी पुरुषांचा नंबर, मग बायकांचा. आम्ही दोघीच बायका – मी आणि गेमची चित्रं काढणारी सिर्कू. आम्ही वर सॉसेज भाजत आमच्या नंबराची वाट बघत होतो, आणि खाली वाफेत सहा उघडे पुरुष सात वर्षांच्या मुलांना कसं रडवायचं ते ठरवत होते. मग लाल तोंडानं वर आले आणि माझीच सॉसेजं खाल्ली.

५ नोव्हेंबर

सगळ्या बैठकांच्या नोंदी वाचल्या. दोनदा. बसचा कुठे उल्लेख नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

इल्काशी बोलले. कंपनी त्याची. मुद्दे कागदावर लिहून नेले होते. ३० तारखेला माझी नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरतं, आणि ते तोच ठरवतो.

मी म्हणाले, एखाद्या मुलाला तीन दिवस ताप आला तर? आजीकडे गेलं तर? त्याला वाटणार, माझ्यामुळे बेकरीवालीचं घर गेलं. इल्कानं सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे सरकवला. दर बुधवारी तो स्वतः आणतो. माणूस वाईट नाही, हाच तर त्रास आहे! मुलांना परत यावंसं वाटायला नको का, म्हणाला. मी म्हटलं, वाटणं वेगळं आणि धास्तीनं येणं वेगळं. त्यानं माझा कप पुन्हा भरला.

"तू फार मनाला लावून घेतेस, केर्तू."

मग कशाला लावून घ्यायचं? चाचणी करणाऱ्यानं मन घरी ठेवून यायचं का?

७ नोव्हेंबर

पेत्तेरीनं मला 'महापौरबाई' म्हणायला सुरुवात केलीय. आज कॉफीच्या वेळी विचारलं, महापौरबाई, आज गावात किती शिल्लक? सगळे हसले. मीही हसले. का हसले?

१० नोव्हेंबर, रविवार

वडिलांचा दिवस, म्हणून सकाळच्या गाडीनं घरी, कुइवालम्पीला. आईनं बाबांसाठी क्लाउडबेरीचा केक केला होता. माझं पदवीचं प्रमाणपत्र मायक्रोवेव्हच्या वर फ्रेम करून लावलंय, त्यावरची वाफ ती रोज पुसते. आमच्या घरात विद्यापीठाचं दार बघितलेली मी पहिली. आई शाळेत फरशा पुसते, बाबा कागद गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा मी अकरा वर्षांची. त्या वसंतात आमच्या वर्गातली नऊ मुलं आई-बाबांबरोबर बसनं गाव सोडून गेली.

दादाच्या लेकीकडे, पिह्लाकडे, गेमचा चाचणीचा टॅबलेट आहे. (लेखी परवानगी घेऊन दिलाय, ऑक्टोबरातच.) पोरगी बुधवारपासून तापानं पडून होती. आज उठली, माझ्या मांडीवर बसली, गाव उघडलं – आणि चौकात निळी बस.

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. बेकरीचं बंद दार बोटानं चार-पाच वेळा दाबून बघितलं. मग म्हणाली, "आत्या, मला ताप होता हे तिला कुणी सांगितलंच नाही का गं?"

बाबा मागे उभे राहून बघत होते. एवढंच म्हणाले, "आपलीही निळीच होती." आणि केक तसाच ठेवून लाकडं फोडायला गेले. तासभर आवाज येत होता. घरात रचून ठेवलेली लाकडं दोन हिवाळे पुरतील एवढी आहेत.

निघताना आई म्हणाली, तिथे कुणाच्या वाकड्यात शिरू नकोस. मी हो म्हटलं. खोटं बोलले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सिर्कूला विचारलं, बस निळीच का काढलीस? तिनं चष्मा कपाळावर ढकलला. "अगं, कागदात तसं लिहिलं होतं. जुना कागद, उन्हाळ्यातला. छान लिहिला होता, मला तर काढताना भरून आलं होतं." कुणी लिहिला ते तिला आठवेना. ती नावं वाचतच नाही, रंग तेवढे वाचते.

म्हणजे सौना निमित्त होतं! कुणीतरी उन्हाळ्यातच बसून हे सगळं थंड डोक्यानं लिहून ठेवलंय – बॅगा, रुमाल, काचेतून हलणारा हात. कुणीतरी बसून विचार केलाय की मुलाला नेमकं कुठे लागेल.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

२२ तारखेला गेम बाहेर पडायचा आहे. 'चाचणी पूर्ण' या कागदावर माझी सही लागते. मी करणार नाही. इल्काला पत्र दिलं, हातात. सहा वेळा लिहून काढलं. पिह्लाचं वाक्य जसंच्या तसं घातलं. आणि शेवटी हे – "ज्यानं कुणी ही बस लिहिली, त्याला मागे राहिलेली माणसं कधी दिसलीच नसावीत. त्यानं पुढे येऊन सांगावं की हे मीच केलं."

वाक्य चांगलं झालंय.

इल्कानं माझ्यासमोरच वाचलं. घडी घातली, खिशात ठेवलं. मग बैठकीला निघून गेला. भेकड!

१५ नोव्हेंबर

आजही पत्राला उत्तर नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज बोलावलं. म्हणाला, सौनात काही नवीन ठरलं नव्हतं, तयार होतं ते फक्त सुरू करायचं ठरलं. तरी तिथे बोलायला नको होतं, तुमच्या दोघींशिवाय, ते चुकलं. चुकलं म्हणाला! मी इतक्या तयारीनं गेले होते की क्षणभर पुढचा मुद्दाच आठवेना.

मग म्हणाला, सही नको करूस, पण बसऐवजी काय ते तू सांग. मी म्हटलं, सांगेन, पण आधी मला ते लिहिणाऱ्याचं नाव हवं. पत्राचं उत्तर त्यानं द्यायला हवं, तू नाही.

"नाव नको विचारूस."

का? त्याला वाचवतोयस? तो जुना, मी नवी, म्हणून? मी हे खरंच म्हणाले, मोठ्यानं. दार उघडं होतं. पेत्तेरीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, 'महापौरबाई' न म्हणता. पेत्तेरीसुद्धा!

इल्कानं माझं पत्र खिशातून काढून माझ्या हातात परत दिलं. चार दिवस तिथेच असावं, कडा मऊ झाल्या होत्या. म्हणाला, तो कागद ऑगस्टच्या फायलीत आहे, पाच तारखेचा. बघायचंच असेल तर एकटी असताना बघ.

'एकटी असताना' म्हणजे काय? उद्या सकाळी पहिलं काम हेच. आणि मग त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारणार.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

५ ऑगस्ट. माझा कामावरचा तिसरा दिवस. नव्या लोकांना दिलेला सराव होता – गाव खरं कशानं वाटतं, ते लिहा. दीड पान. "तीन दिवस बेकरीत कुणी आलं नाही की चौथ्या दिवशी निळी बस येते. जाणारी बाई डोक्याला रुमाल बांधते. काचेतून हात हलवते. मागे राहिलेल्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं." खाली माझं नाव. सगळ्यांवर छाप पाडायची होती. पाडली, आणि विसरले.

पत्र मागे घेणार नाही. शेवटच्या वाक्यात 'ज्यानं कुणी' खोडून तिथे 'केर्तूनं' लिहिलं आणि इल्काच्या टेबलावर ठेवून आले. मग पिह्लाला फोन लावला.