फणसाच्या फळीतली वाफ

डोंबिवली (पूर्व), रविवार

चि. आनंद यास,

मंदाताईचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? शालूने सांगितलेलं तेल लाव, मी सांगितलेलं नको, बायकोचा मान राहू दे. इथे बाळ-बाळंतीण खुशाल.

आपल्या उर्वीच्या लेकीचा, माझ्या नातीचा, पाळणा मीच करणार, असं मी साऱ्या गावाला सांगून बसले होते (निवृत्तीनंतर सुतारकाम शिकले, तू अजून हसतोस). सोसायटीतलं पडलेलं फणसाचं झाड वखारीत चिरून आणलं. फळ्या पिवळ्याधमक, पण इतक्या ओल्या की टेकवलेल्या भिंतीला पोपडे आले. सावलीत वाळायला वर्ष लागतं, आणि बाळ तर तीन आठवडे आधीच आलं. बारशाला उरले आठ दिवस!

ठाण्यात माजिवड्याला माझ्या ओळखीच्या लॉईडचा दारं बनवायचा कारखाना आहे. त्याच्याकडे दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांत लाकूड दाबायचं मशीन आहे. तो म्हणाला, "मावशी, ओलं लाकूड यात नाय घालायचं." मी म्हटलं, बघू तर. फळीच्या पोटात भोक पाडून तापमापकाची सळई खुपसली. काटा भराभर शंभरावर गेला आणि तिथेच रुसून बसला. पाट्या दीडशेवर, फळी शंभरावर, वीस मिनिटं! मला वाटलं, काटा बिघडला. कडेने फळी ठणठणीत कोरडी दिसत होती. "उघड रे," मी म्हटलं. लॉईडने दाब सोडला मात्र, धडाम! फळी मधोमध उलली, वाफेने माझा चष्मा आंधळा, आणि लॉईड टेबलाखालून जेजूला, म्हणजे त्याच्या येशूला, हाका मारतोय.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. वरचं पाणी केव्हाच उडालेलं, पोटातलं अजून उकळत होतं. ते संपल्याशिवाय लाकूड शंभरापुढे सरकणार कसं? आणि वाफ कोंडलेली असताना आपण झाकण काढलं! (कुकरबाबत उर्वीला हेच मी आयुष्यभर सांगत आलेय.) दुसऱ्या फळीच्या वरखाली तारेची जाळी घातली, वाफेला वाट दिली. टोकांतून शीळ घालत, फेस काढत पाणी निघालं. बऱ्याच वेळाने काटा शंभर सोडून वर चढला, तसा लॉईड ओरडला, "मावशी, सुटली!" आम्ही दोघं भुशात नाचलो. दाब मात्र अगदी हळूहळू सोडला. फळी जराशी बारीक झाली, पण सरळसोट आणि मधासारखी तपकिरी. बाकीच्या फळ्याही अशाच वाळवल्या आणि पाळणा जोडला.

काल बारसं झालं. नाव अंतरा. पाळण्यात घातल्यावर तिने एक जांभई दिली आणि झोपली. माझे डोळे मात्र भरून आले.

तुझी,
मंदाताई

ता. क. लॉईड नवं मशीन घेतोय, जुनं मला देतोय. गाडी विकल्यापासून तुझी खोपटच्या घराखालची पार्किंगची जागा रिकामीच आहे ना?

आणखी एक ता. क. हे पत्र मशीनच्या टेम्पोवाल्याच्याच हाती दिलंय. त्याला चहा दे, आणि शालूला जरा आत पाठव.