ॲडलेडच्या दहा धावा

मु. पो. कुरुंदा, ता. वसमत
दि. १२ नोव्हेंबर २०२४

चि. भीमराज यास,
जळबाचा सप्रेम जयभीम व अ. आ.

वि. वि. येथील मंडळी खुशाल आहेत. तुझी व चि. सौ. चांगुणाची खुशाली कळवावी. हळद यंदा कमरेच्या वर गेली आहे. सूनबाई करुणा सर्व कामांवर जातीने लक्ष ठेवते, त्यामुळे मला बोलण्यास जागा राहत नाही.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. भाऊ असूनही जयंतीच्या शुभेच्छांपलीकडे आपला पत्रव्यवहार नाही, हे मी जाणतो. काम निघाले म्हणून लिहितो.

भारताचा संघ ऑस्ट्रेलियात पोहोचला आहे. बावीस तारखेस पर्थ येथे पहिली कसोटी सुरू होईल. परदेशातील प्रत्येक दौरा मी रेडिओवर ऐकून, चेंडूमागून चेंडू, वहीत उतरविला आहे. अशा चौदा वह्या झाल्या. चौदावीत एका दौऱ्यापुरती पाने उरली आहेत आणि मला एकोणऐंशीवे वर्ष चालू आहे. पंधरावी वही आणण्याचा विचार नाही.

अलीकडे रेडिओ पूर्वीसारखा स्वच्छ बोलत नाही. दुसरा आणविला, तोही तसाच निघाला. टीव्हीवर ओव्हरचा शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच जाहिरात घुसते. शिवाय चित्र पाहून लिहिणे मला मान्य नाही. वहीच्या पहिल्या पानावर ‘ऐकून लिहिले’ असे मी नमूद केले आहे. तू टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षे ऑपरेटर होतास. तुझा कान पक्का आहे. तरी तू ऐकून टिपण करावे व प्रत्येक कसोटी संपताच टपालाने पाठवावे. मी ते वहीत चढवीन. फोन करू नये. फोनवरही आवाज फाटका येतो.

जो चेंडू ऐकू आला नाही त्याचा रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने भरू नये. हे नियम म्हणून लिहिले आहे, त्यातून दुसरा अर्थ काढू नये.

आहे तेवढा लोभ राखून असावे.

जळबा

———

कळमनुरी
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. दादा यांस,
भीमराजचा सा. जयभीम वि. वि.

तुमचं पत्र पावलं. पोस्टमननं विचारलं की या जमान्यात पत्रं कोण लिहून राहिलं. मी सांगितलं की आमचे दादा, अन् पाकिटावरचा पिनकोडसुद्धा पट्टी धरून लिहिलाय ते बघून घे. चांगुणानं अक्षर पाहूनच डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, मोठे दादा दारात आल्यावाणी वाटलं.

रेडिओचं मात्र खरं सांगा. करुणाशी फोनवर बोलणं झालं. ती सांगत होती की परवा तिचे मामाजी, म्हणजे तुमी, सरावाला म्हणून वही उघडून तासभर रेडिओपुढं ताठ बसले होते अन् रेडिओ बंदच होता. ती चालू करायला गेली तर तुमी तिलाच रागावले, की समालोचक जरा दम घेऊन राहिला आहे, मधे हात घालू नको! दादा, कान दाखवून घ्या. नांदेडला मशीन मिळतं, शेंगदाण्याएवढं. कुणाला दिसतही न्हाई.

तुमचं काम मी करीन. पण एक विचारतो. अठ्ठ्याहत्तर साली ॲडलेडच्या कसोटीत, हळदीच्या कढईपाशी, अकरा माणसांसमोर तुमी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. म्हणाले की हा खोटं लिहितो, याच्या हाती माझी वही पुन्हा लागणार न्हाई. मी दोन ओव्हर अंदाजानं भरल्या, हे खरंच. मालकानं तुमाला कढई उतरवायला हाक मारली, रेडिओ खरखरला, अन् मी दोन ओळी नुसत्या टिंबांनी, म्हणजे बिनधावेच्या चेंडूंनी, भरल्या. तिकडं तेव्हा आठ चेंडूंची ओव्हर, म्हणजे सोळा टिंबं. दुसऱ्या दिवशी पेपर आला. त्यात भारताच्या धावा तुमच्या वहीपेक्षा दहा जास्त निघाल्या अन् त्या दहाही माझ्या डोक्यावर बसल्या. आठ दिवसांत मी परभणीला टेलिफोनात लागलो. त्यानंतर गावी आलो ते लग्नाकार्याला अन् मयतीला. तुमी तर माझ्या उंबऱ्यावर एकदाही आले न्हाई.

मग आता पेन्सिल काहून देऊन राहिले?

उत्तर द्यावं. तब्येतीस जपावं, आमच्यावर माया असू द्यावी.

तुमचा,
भीमराज

———

कुरुंदा
दि. ३ डिसेंबर २०२४

चि. भीमराज यास,
जयभीम व अ. आ.

वि. वि. पर्थचे टिपण मिळाले. आपण जिंकलो, त्याचा आनंद आहे. दुसऱ्या दिवसाच्या तीन रकान्यांपुढे तू ‘कुकरची शिट्टी, ऐकू आले नाही’ असे लिहिले आहेस. ही पद्धत योग्य आहे. चि. सौ. चांगुणास सांगावे की खेळ चालू असताना वरण पातेल्यात शिजवावे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी ॲडलेडची ती वही काढली. मनात होते की तुझी चूक तुला पुन्हा एकदा पानासह दाखवून द्यावी. वही उघडताच हळदीचा वास आला. आपण दोघे घोंगडी पांघरून, कढईच्या जाळाशी, मध्ये तो ट्रान्झिस्टर ठेवून बसत होतो. तू ऐकलेले पुटपुटत असस आणि मी लिहीत असे. त्या दिवसांइतके चांगले दिवस मी पुढे पाहिले नाहीत. हे मी आजवर कोणास सांगितलेले नाही.

रिकामा वेळ होता म्हणून पानाची बेरीज पुन्हा केली. एकं स्थानची बेरीज तेवीस होते. तीन मांडले, हातचे दोन धरावयास हवे होते. मी एक धरला आहे.

वरून खाली दोनदा व खालून वर दोनदा करून पाहिले. अखेरीस करुणाकडून तिच्या मोबाईलवर करविली. तिने विचारले की एवढ्या जुन्या धावा आता कोणाला द्यायच्या आहेत. दहा धावा माझ्या बेरजेतून गळाल्या होत्या. त्या मिळविल्या की आकडा वर्तमानपत्राशी तंतोतंत जुळतो. म्हणजे तुझ्या दोन्ही ओव्हरींत एकही धाव निघालेली नव्हती. तू अंदाजाने लिहिलेस ते खरे निघाले, आणि मी स्वच्छ ऐकून मांडलेले चुकले.

चौथीच्या परीक्षेत मी गणितात केंद्रात पहिला आलो होतो. आयुष्यभर तेवढ्यावर मान वर ठेवली.

मी तुझी क्षमा मागतो. असे वाक्य यापूर्वी लिहिण्याचा प्रसंग आला नाही, त्यामुळे ते नीट उतरले आहे किंवा नाही, हे मला सांगता येत नाही.

उत्तर देण्याची घाई करू नये. परंतु द्यावे.

जळबा

———

कळमनुरी
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. दादा यांस,
सा. जयभीम वि. वि.

सहा तारखेला महापरिनिर्वाण दिन अन् त्याच सकाळी ॲडलेडची कसोटी. मी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला होतो, म्हणून पहिल्या दिवशीचा आरंभ कोरा आहे. आज हरलोही, तिसऱ्याच दिवशी. टिपण सोबत आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चांगुणाला अर्धं वाचून दाखवलं अन् कागद तिच्या हाती दिला, मग बाकीचं तिनं वाचलं.

दादा, हातच्याचं मला पेपर आला त्याच दुपारी कळलं होतं. तुमी अंघोळीला गेले तेव्हा मी वही उघडून बेरीज केली. एवढा आनंद झाला की पळत येऊन सांगणार होतो. तेवढ्यात मालकाचा मापाडी हळदीचे कट्टे मोजायला आला अन् तुमी ओल्या केसांनीच त्याच्यापुढं उभे राहिले. त्यानं वजन कमी धरलं, तुमी तोंडी बेरीज करून त्याला थांबवलं, अन् त्यानं खाली मान घालून आकडा बदलला. आपल्या वस्तीतल्या माणसांचं माप तुमच्या बेरजेवर चाललं होतं. जळबाची बेरीज चुकते, असं त्याच्या कानी गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यानं तुमचं काही ऐकलं असतं का? म्हणून गप्प बसलो.

मी लई मोठेपणा केला असं मात्र समजू नका. रागही होता. पहिलं वर्षभर तुमच्यासाठी गप्प होतो, पुढं रागानं, अन् मग गप्प बसायची सवयच लागली. तुमच्यावाणीच ताठ आहे मी, एका आईचे लेकरं आपण.

क्षमेचं वाक्य बराबर उतरलंय. एकही काना-मात्रा चुकली न्हाई.

थंडी पडली आहे, कान बांधून बसावं. या लहान्याला विसरू नये.

तुमचा,
भीमराज

———

कुरुंदा
दि. १७ डिसेंबर २०२४

चि. भीमराज यास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र मिळाल्यास पाच दिवस झाले. दोन दिवस मी ताटावर बसलो नाही. करुणाने डॉक्टरांस बोलावण्याची तयारी केली, तेव्हा जेवलो.

आपल्या वस्तीची रीत तुला ठाऊक आहे. ज्यांच्यासमोर बोल लावला, त्यांच्यासमोरच तो मागे घ्यावा लागतो. त्या दिवशी कढईपाशी असलेल्या अकरा जणांपैकी आता तांड्यावरचा हिरासिंग तेवढा हयात आहे. वहीत त्या पानावर मी लाल शाईने लिहिले: ‘बेरीज जळबाची चुकली. भीमराजच्या दोन्ही ओव्हरी बरोबर आहेत.’ खाली सही व तारीख घातली आणि वही घेऊन रविवारी तांड्यावर गेलो.

हिरासिंग बाजेवर ऊन खात बसला होता. मी उभे राहून वाचून दाखविले. त्याने बसण्यास सांगितले. मी बसलो नाही. वाचून झाल्यावर त्याने माझ्या जवळ येऊन, मोठ्याने सांगितले की धावाबिवा त्याला काही आठवत नाहीत; पोरगं त्या दिवशी भाकर न खाता राख उपसून राहिलं होतं, तेवढं आठवतं; आणि एवढं दोन ओळींचं वाचायला मला सेहेचाळीस वर्षं काहून लागली. त्याची पत्नी निर्मलाबाई हिने चहा आणला आणि त्यालाच दटावले की दारात आलेल्या माणसाला असं बोलतात का. मी म्हणालो की तो बराबर बोलतो आहे. मग बसलो व चहा घेतला.

ब्रिस्बेनला पाऊस खेळ होऊ देत नाही, असे वर्तमानपत्रात आहे. त्या कसोटीचे टिपण टपालाने पाठवू नये. मी चोवीस तारखेस सकाळच्या एस.टी.ने निघून, वसमतला गाडी बदलून, दुपारपर्यंत तुझ्या घरी येत आहे. स्टँडवर येण्याची तकलीफ घेऊ नये, विचारत येईन. चांगुणास सांगावे की वेगळे काही करू नये, पिठले चालते.

आता एक खुलासा. रेडिओत दोष नाही, दोन्ही चांगले आहेत. माझ्या उजव्या कानाने काहीच येत नाही. डाव्याने, कोणी अगदी जवळ बसून सावकाश बोलल्यास, समजते. मशीनविषयी तेथे आल्यावर पाहू; आग्रह करू नये.

मेलबोर्नची कसोटी सव्वीसला पहाटे सुरू होते. तू माझ्या डाव्या बाजूस बसावे. खेळ पाच दिवसांचा आहे. परभणीस तू पहिले वर्ष कोणाच्या आधाराने काढलेस, घर कसे उभे केलेस, चांगुणाच्या दुखण्यात तुझ्याजवळ कोण होते, यातले मला काहीही ठाऊक नाही. ते आरंभापासून सांगावे. मी ऐकण्यास येत आहे.

लोभ भेटीत मोजून घेऊ.

तुझा दादा,
जळबा