भाचीसमोर

ती. मामा,
सा. न. (हे सवयीने लिहिलं.)

गेल्या महिन्यात या देशात आश्रय मागणाऱ्या एका बाईच्या सुनावणीत तुम्ही सरकारी दुभाषी होतात आणि मी वकीलबाईंच्या मागे बसलेली इंटर्न. मायदेशी कोठडीत पोलीस शिपायांनी आपलं काय केलं ते त्या बाईने आडपडदा न ठेवता सांगितलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि अधिकाऱ्याला एवढंच म्हणालात, "हिच्याशी गैरवर्तन झालं." गैरवर्तनासाठी कुणी आश्रय देत नाही. अर्ज फेटाळला गेला. आता तिला त्याच शिपायांच्या हद्दीत परत पाठवतील.

जिन्यात मी जाब विचारला तर म्हणालात, "अगं, भाचीसमोर असलं काही तोंडातून निघतं का? मामा आहे मी तुझा." वर आईला फोन करून ऐकवलंत, "पोरीला असल्या ठिकाणी कशाला पाठवतेस?"

मी सुनावणीचं रेकॉर्डिंग ऐकून तिचं प्रत्येक वाक्य टाइप केलं आणि त्यासमोर तुमचं. ते अपिलाला जोडलं आहे. तुमचं काम बहुधा जाईल. पक्षकाराची माहिती बाहेर द्यायची नसते, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

त्या बाईच्या शेजारी बसलेली मुलगी तिची स्वतःची होती. माझ्याहून लहान. तिच्यासमोर ती बोलली.

तुमचीच,
भाची