घासलेली गिन्नी

बाबा, तुमची गिन्न्यांची पेटी काल अमरावतीला देऊन आले. मुलांना त्यात रस नाही, मला भिंगातूनही आता धड दिसत नाही, आणि लॉकरच्या चकरा माझ्याने होत नाहीत. थकले, एवढंच कारण.

रविवारी तुम्ही अकोल्याहून एसटीने अमरावतीच्या सराफ्यात जायचात. लग्नाच्या दागिन्यांसाठी लोक घरातल्या जुन्या गिन्न्या आटवायला आणत. "आटवाच्या आंधी मले एक डाव दाखवत जा, भाऊ," असं तुम्ही प्रत्येक सराफाला सांगून ठेवलं होतं. घरी आलात की नवी गिन्नी कडेने धरून मला दाखवायचात. ही पोरगी, ही बाई, ही म्हातारी. राणी एकच, व्हिक्टोरिया, नाण्यांवर वय वाढत गेलेली. चेहऱ्याला बोट लावायचं नाही. नाणं कधी धुवायचं नाही.

मी अकरा वर्षांची आहे. लक्ष्मीपूजनाचा दिवस. आई अंगणात चिंच आणि राख घेऊन पितळ घासते आहे. पूजेच्या ताटात मांडायला तुम्ही एक गिन्नी काढून दिली आहे. पोरगी. मला ती मळकट वाटते. मी राख घेते आणि तांब्या घासावा तशी ती घासते, केसांच्या रेघा बुजेपर्यंत. ओल्या तळहातावर धरून धावत तुमच्याकडे येते. तुम्ही ती खिडकीपाशी नेता.

"काहून घासली?"

"लक्ष्मीसाठी."

"सोनंच हाय ना अजून?" आई अंगणातून म्हणते. "का इरघळून गेलं?"

"शंभर वर्सं धुऊन टाकले पोरीनं," तुम्ही म्हणता. पुढे कधी रागावला नाहीत. पण नाणंही माझ्या हातात दिलं नाहीत. दर दिवाळीला ताटात गिन्नी तुम्ही स्वतः ठेवायचात. सराफ्यात सगळे मला हसत असतील असं धरून मी तुमच्याबरोबर कधी अमरावतीला आले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मग सोडून दिलंत.

पेटी घेणारे गृहस्थ तुमच्या त्या रविवारांतलेच, तुमच्यासारखेच नाणी जमवणारे, आता ऐंशीच्या पुढचे. एकेक गिन्नी भिंगाखाली धरत होते. पोरगीपाशी थांबले आणि हसायला लागले.

"हे तेच काय, तुमच्या बाबांनं घासलेलं? लय चिडवलं आमी त्याईले. येवढा जाणता मानूस, अन् पितळावानी गिन्नी घासली! ते म्हनत, दिवाळी होती गा, हात शिवशिवला."

त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. "हे नाई चालत, ताई. घरीच ठेवा." मग सहज विचारलं, "तुमी होत्या काय तवा घरी?"

"नव्हते," मी म्हणाले.