मागचं दार आतून उघडतं का?

२ तारीख, सकाळी ७.४०
मुलं आजही त्यांच्या आईच्या गाडीतून शाळेत गेली. सलग सतरावा दिवस. मी माझी गाडी पुसून, टायरची हवा तपासून, मागची दोन्ही दारं उघडून उभा होतो. थोरली (वय नऊ) म्हणाली, बाबा, आम्ही आईबरोबर जातो. धाकटा (वय सहा) आधीच आईच्या गाडीत जाऊन बसला होता.

दुपारी १.१५
कारण सापडलं. माझी गाडी राखाडी आहे. शिवाय डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण गेल्या महिन्यात फुटलं (एक मोटारसायकलवाला मध्ये घुसला तेव्हा माझी मूठ नेमकी तिथे होती), त्यामुळे आतून गाडी उदास दिसते. लहान मुलांना उदास गाडी कशी आवडेल?
निर्णय: घरात तिसरी गाडी आणायची. मजेची.

संध्याकाळी ६.३०
बायको म्हणाली, प्रश्न गाडीचा नाहीये. मी विचारलं, मग कशाचा आहे? तिने माझ्या मुठीकडे बघितलं. ती हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये कामाला असते. दिवसभर मोडकी माणसं बघून दमते बिचारी. मग म्हणाली, बरं, घे गाडी. महिनाअखेरपर्यंत मुलं स्वतःच्या मर्जीने, तुझ्या एकट्याबरोबर, एक दिवस तरी शाळेपर्यंत गेली तर मी थांबते. नाहीतर एक तारखेला मी त्यांना घेऊन माझ्या भावाकडे कायमची जाते.
सोपी अट आहे. एकच दिवस.

३ तारीख
संकल्प लिहून ठेवतो. मला राग येत नाही. तरीही आला तर दहापर्यंत मोजायचं.
मुळात मी रागीट असतो तर हा धंदा जमला असता का? माझं व्हील अलाइनमेंटचं वर्कशॉप आहे. लोकांची वाकडी चाकं सरळ करतो. अर्धा मिलिमीटर फरक राहिला तर मला जेवण जात नाही. नववीत शाळा सुटली (एक बाक तुटला, तो जुनाच होता), पण अक्षर आणि शुद्धलेखन आजही शिक्षकांना लाजवेल असं आहे.

५ तारीख
पट्टीने रेघा मारून गाड्यांचा तक्ता केला. मायलेज, बूट स्पेस, एअरबॅग, रंग, मजा. थोरलीला विचारलं, बेटा, तुला गाडीत काय हवं? मला वाटलं टीव्ही म्हणेल. म्हणाली, मागचं दार आतून उघडायला हवं. धाकटा म्हणाला, पटकन.
मला भरून आलं. या वयात सुरक्षिततेचा एवढा विचार! माझ्यावर गेली आहेत.

८ तारीख, सकाळी ११
पहिली टेस्ट ड्राइव्ह. सात सीटची व्हॅन, बाजूला सरकणारी दारं. मुलं एका अटीवर आली: मामा बरोबर हवा. त्यामुळे मेहुणा सगळ्यात मागे, मधल्या सीटवर एक मूल डावीकडे, एक उजवीकडे. निघण्याआधी थोरलीने धाकट्याच्या बुटांच्या नाड्या डबल गाठ मारून बांधल्या. शिस्त म्हणतात ती ही.
दुसऱ्याच वळणावर एका स्कूटरवाल्याने आम्हाला घासून ओव्हरटेक केलं. मी मोजायला लागलो. चारपर्यंत गेलो. मग सिग्नलला उतरून त्याला वाहतुकीचा नियम समजावून सांगितला. त्याने हेल्मेट काढलं नाही, हा त्याचा उद्धटपणा. समजावण्याच्या ओघात माझा उजवा हात हेल्मेटवर आपटला. तीनदा.
परत आलो तर मुलं फुटपाथवर उभी. मेहुणा म्हणाला, दाजी, हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का होता, तुमच्या हातावर नाही.
थोरलीने व्हॅन नापसंत केली. म्हणाली, दार बटणाने उघडतं आणि पीं पीं करत सावकाश सरकतं. नऊ सेकंद. विक्रेता गार झाला. अशी तांत्रिक हरकत त्याने कधी ऐकली नसेल.

८ तारीख, दुपारी ३
करंगळीच्या मागचं हाड मोडलं आहे. बायकोनेच प्लास्टर घातलं. माझ्या पुढे रांगेत एक जिन्यावरून पडलेला होता, त्याला तिने कसं झालं, कुठे झालं, सगळं विचारलं. मला काहीच विचारलं नाही. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मागच्या वेळचंच कारण लिहिलं: भिंत. मी म्हणालो, या वेळी भिंत नव्हती. ती म्हणाली, तुझ्यासाठी सगळ्याच भिंती आहेत रे.
डॉक्टर म्हणाले, गाडी चालवू नका. आज चालवू नका की महिनाभर, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

१० तारीख
धाकट्याने प्लास्टरवर गाडीचं चित्र काढलं. गाडीत मी एकटाच. मागच्या सीटवर माणसं काढणं त्याला अजून जमत नाही.

१४ तारीख
आजच्या प्रकाराबद्दल शोरूमचे लोक काहीही सांगोत, खरं काय घडलं ते इथे लिहून ठेवतो.
दोन दारांची छोटी लाल गाडी बघायला गेलो. दिसायला झकास. पण दोनच दारं म्हणजे मागच्यांना पुढची सीट दुमडून आत जावं लागतं. धाकटा आत शिरला, सीट मागे सरकली, आणि त्याने असा टाहो फोडला की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी कर्जाच्या कागदांवर चहा सांडला. थोरलीने विक्रेत्याला विचारलं, म्हणजे आधी बाबा उतरून सीट दुमडणार, मग आम्ही? तो म्हणाला, हो बाळा. ती म्हणाली, मग नको.
मी जरा मोकळ्या हवेत जावं म्हणून बाहेर आलो. दारात तो हवेवर नाचणारा पिवळा बाहुला होता, दहा-बारा फूट उंच, खाली पंखा. मी शांतपणे उभा होतो. त्याने वाकून माझ्या कानशिलात मारली.
सुरुवात त्याने केली. हे अधोरेखित करतो.
मी मोजलं. सहापर्यंत. तेवढ्यात त्याने दुसऱ्या हाताने मारली. मग मीही डाव्या हाताने एक ठेवून दिली. तो जमिनीपर्यंत वाकला आणि हसत परत उठला. असल्या माणसांचा मला तिटकारा आहे. मी त्याचा गळा धरला, गुडघा घातला, प्लास्टरने डोक्यावर हाणलं. तो प्रत्येक वेळी उठायचा. शेवटी दोघेही पंख्यावर पडलो. त्याच्या पोटाची शिवण टर्रकन उसवली आणि तो माझ्या अंगावर पसरला. पाचेक मिनिटं मी कापडाखाली होतो, पण पकड सोडली नाही.
बाहेर आलो तेव्हा काचेला नाक लावून सगळा स्टाफ उभा होता. मेहुणा म्हणाला, दाजी, अभिनंदन, त्याच्या घरच्यांना कळवू का?
मुलं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. धाकट्याने त्या कापडाची घडी घालायला घेतली.

१५ तारीख
प्लास्टर बदललं. बायको: भिंत?
मी: बाहुला.
तिने भिंतच लिहिलं.

१९ तारीख, दुपारी १२
इलेक्ट्रिक गाडी. आवाज नाही, धूर नाही, त्यामुळे डोकंही शांत राहील असा माझा हिशेब. विक्रेता अभिमानाने म्हणाला, साहेब, खास मुलांसाठी, वीसचा वेग आला की मागची दोन्ही दारं आपोआप लॉक, आतून उघडतच नाहीत.
थोरली पांढरी पडली. हे लॉक बंद करता येतं का, असं तिने दोनदा विचारलं. नाही म्हणाला.
पुढचा टॅक्सीवाला सिग्नल हिरवा झाला तरी हलेना. मी मोजलं, दोनपर्यंत. मुलं घाबरू नयेत म्हणून आरशात त्यांच्याकडे बघून हसावं म्हटलं, तर आरसा हातात आला. मग तो घेऊनच उतरलो. टॅक्सीची मागची काच आधीच कमकुवत असावी. टॅक्सीवाला उतरला आणि त्याने माझ्या नाकावर एक ठोसा लगावला. एवढ्या क्षुल्लक गोष्टीवरून माणसं हाणामारीवर येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.
विक्रेता खिडकीतून ओरडत होता, साहेब, आरसा तरी आणा परत!
गाडीत बघतो तर थोरली दाराची कडी ओढत होती. ओढत होती, सोडत होती, ओढत होती. मेहुण्याने पुढे वाकून माझ्या सीटजवळचं बटण दाबलं तेव्हा कुठे थांबली. तिला म्हटलं, कडी तुटेल, यंत्राला प्रेमाने हाताळावं. तिने माझ्या शर्टावरच्या रक्ताकडे बघून मान हलवली.

२० तारीख
माझ्या राखाडी गाडीचं स्टिअरिंग डावीकडे ओढतंय. आमचे म्हातारे मिस्त्री (वडिलांच्या वेळचे, सगळे त्यांना मामा म्हणतात) रॅम्पखालून म्हणाले, मालक, हे रस्त्याने झालेलं नाही. वरून ठोके बसलेत. मी म्हणालो, मामा, आपण चाकं बघावीत. ते म्हणाले, चाकं सरळच आहेत हो.
हातातून पाना निसटला. मशीनच्या स्क्रीनला तडा गेला.
दहा दिवस उरले. तक्त्यात एकही गाडी मुलांना पसंत नाही.

२४ तारीख
मिळाली!!
जुनी उघडी जीप. नारिंगी. एक निवृत्त नकाशे काढणारे गृहस्थ विकत होते. वर कापडी छत, आणि दारंच नाहीत. पुढे नाहीत, मागे नाहीत. थोरली जीपभोवती एक फेरी मारून आली. तिने आजोबांना विचारलं, दारं हरवलीत की नव्हतीच? ते म्हणाले, नव्हतीच. तिने विचारलं, नंतर कोणी बसवू शकतं? ते म्हणाले, अगं पोरी, बिजागऱ्याच नाहीत तर बसवणार कशाला?
धाकटा मागे चढला, उतरला. दुसऱ्या बाजूने चढला, उतरला. खळखळून हसला. किती महिन्यांनी!
थोरली माझ्यासमोर येऊन म्हणाली, बाबा, हीच.
मी जीपच्या मागे जाऊन रडलो. मुलांना माझ्यासारखंच वारा आवडतो, हे मला आधी कसं कळलं नाही?

२६ तारीख
बायकोच्या सांगण्यावरून मागे दोन सीटबेल्ट बसवले. मुलं अंगणात उभ्या जीपमध्ये तासभर बेल्ट लावायचा आणि सोडायचा सराव करत होती. हातात माझं स्टॉपवॉच. अशी हौस वेगळीच! मेहुणा कठड्यावरून बघत होता. आज एकही टोमणा नाही. फक्त म्हणाला, दाजी, परवा जरा जपून.

२७ तारीख, रात्रीच्या जेवणाआधी
उद्या महिन्यातला शाळेचा शेवटचा दिवस, मग सुट्टी. मुलं जीपमधून येणार आहेत. माझ्या एकट्याबरोबर. स्वतः कबूल केलं. बायकोने दोघांना जवळ घेऊन तीनदा विचारलं, नक्की? दोघंही म्हणाली, नक्की. तिचे डोळे भरले. अट पुरी झाल्यातच जमा.
उद्याचा संकल्प: दहा नाही, शंभरपर्यंत.

२८ तारीख, दुपारी २.३०
क्रमाने लिहितो. 
७.२० ला निघालो. मस्त ऊन. धाकटा गाणं म्हणत होता. शाळा दोन चौकांवर राहिली होती. लाल सिग्नलला मागून एका टेम्पोने जीपला धक्का दिला. लहानसा. बंपरला ओरखडाही नाही.
मी मोजायला सुरुवात केली. शंभरपर्यंत मोजणार होतो. एकपर्यंत पोचलो की नाही ते आठवत नाही.
टेम्पोचालक माझ्याच अंगापिंडाचा होता. मी त्याला कॉलर धरून खाली ओढला. त्याने माझं डोकं टेम्पोच्या दारावर आपटलं. मी त्याच्या दंडाला चावलो. प्लास्टरने त्याच्या तोंडावर मारलं, प्लास्टर फुटलं, त्याचा दातही पडला. मग त्याने मला पाडलं आणि छातीवर बसला. माझी दोन्ही मनगटं रस्त्यावर दाबून धरून म्हणाला, अरे बाबा, ब्रेक लागला नाही, सॉरीच म्हणायला उतरत होतो ना मी! त्याच्या तोंडातून रक्त माझ्या गालावर पडत होतं. मला वाटतं तो रडत होता.
उठून जीपकडे गेलो. मागची सीट रिकामी.
मला वाटलं धक्क्याने बाहेर पडली. मी जीपखाली बघितलं. टेम्पोखाली बघितलं. ओरडत सुटलो. चौकातली ट्रॅफिक पोलीस बाई म्हणाली, कोण, ती दोन मुलं? तुम्ही उतरलात त्याच क्षणी उतरली की. मुलीने दोन्हीकडे बघितलं, भावाचा हात धरला, झेब्रा क्रॉसिंगवरून गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, रोजचंच असावं.
शाळेत फोन केला. दोघंही वेळेवर पोचली होती.

३० तारीख, सकाळी ९
बायको आणि मुलं काल दुपारीच गेली, एक तारखेची वाट न बघता. मेहुणा सामान न्यायला आला होता. मला एकदाही दाजी म्हणाला नाही.
जीप धुतली. मागच्या सीटच्या फटीत चार घड्यांचा कागद सापडला. थोरलीचा तक्ता. पट्टीने मारलेल्या रेघा. वर लिहिलंय: बाबा उतरल्यावर आम्हाला बाहेर पडायला लागणारा वेळ. राखाडी गाडी: चाइल्ड लॉक आहे, उघडत नाही. व्हॅन: ९ सेकंद. लाल गाडी: बाबांनी उघडलं तर. इलेक्ट्रिक: उघडत नाही. जीप: १ सेकंद (धाकटा २). शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
दोनदा तपासला. एकही चूक नाही.

सकाळी ९.४०
मागे धाकट्याच्या जागी बसलो. बेल्ट लावला. स्टॉपवॉच सुरू करून बाहेर पडलो. सात सेकंद. पुन्हा बसलो. सहा. पुन्हा सहा.
हाताला हे नवीन प्लास्टर नसतं तर कमी लागले असते.