मागच्या भिंतीतली वाट

११ नोव्हेंबर
सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी दळवी (यापुढे नुसता द., पूर्ण नाव लिहिण्याइतका तो माझा लाडका नाही) पुण्याच्या सल्लागार बाईंना घेऊन आला. इमारतीला हरित प्रमाणपत्र मिळवायचंय. गच्चीवर सोलर, पावसाचं पाणी जिरवायला खड्डा, ओला कचरा वेगळा. इथवर मीही हात वर केला. चांगलंच आहे की.
मग बाई म्हणाल्या, मागची भिंत बंद करून वेली चढवू. हिरवी भिंत. तिचे गुण मिळतात.
त्या भिंतीत दाराएवढी मोकळी जागा आहे. मुद्दाम सोडलेली. पुरात सावित्री नदी पुढच्या गेटातून आत आली की तिकडून नाल्याला निघून जाते. बाईंना सांगितलं. त्या गोड हसल्या. "मॅडम, पूर काय रोज येतो का?"
विरोधात एकटी मी. नानांनीही भिंतीच्या बाजूने हात वर केला. माझे सख्खे वडील!

१४ नोव्हें.
नानांशी वाजलं. ते तळमजल्यावर एकटे, मी तिसऱ्यावर. गुडघ्यांमुळे जिना बंद, आणि लिफ्टने वर राहायला या म्हटलं की "लेकीच्या घरात किती दिवस?"
म्हटलं, "मागच्या पुरात चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं तुम्हाला. विसरलात?"
"इसारलो नाय. पन आयुक्षभर एष्टीच्या काचंतून डोंगर बगितलं, आता खिडकीतून गटार बगतोय गो. दोन येली दिसल्या तर तुजं काय जातंय?"
 तशीच जिना चढून वर आले. स्वतःवरचा राग अजून उतरलेला नाही.

२० जाने.
भिंत बंद झाली. शेवटचा प्रयत्न म्हणून द.ला म्हटलं, अरे विटांऐवजी जाळी लाव, वेली जाळीवरही चढतात, पाणीही जाईल. म्हणे जाळीला गुण कमी. शाळेत इतकी वर्षं गुण देत आले, पण गुणांसाठी एवढं वेडं झालेलं पोर नाही पाहिलं.

३ मार्च
रंगकाम. खालच्या खांबावरची लाल रेघ गेली! मागच्या पुराची. तिच्या खाली वीतभर दुसरी रेघ होती, तिथवर पाणी आलं की नानांना हलवायचं, असं आम्हीच ठरवून काढलेली. दोन्ही गेल्या. खांब नखशिखान्त पोपटी.
द. म्हणतो, पाहणीला माणसं येतात, वाईट दिसतं.
"वाईट दिसावं म्हणूनच काढली होती रे बाबा ती!" जिन्यात ओरडले. सगळ्यांनी दारं उघडून बघितलं.

११ मे
प्रमाणपत्र आलं. पितळी पाटी, पेढे, फोटो. वयाने मोठे म्हणून पाटीवरचा पडदा नानांच्या हातून. कडक इस्त्रीची टोपी घातली होती. इतके खुश त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मीही दोन पेढे खाल्ले, खोटं कशाला लिहू.
खिडकीबाहेर कृष्णकमळ फुललंय. रोज सकाळी मला त्याचा फोटो पाठवतात.

१९ जून
झोप नीट नाही. आज सहज हिशेब केला, नानांना उचलणारे चौघं कुठे आहेत. पवारांची दोन्ही मुलं मुंबईला. जोशी भाऊजींचा मणका गेला. उरला एक.
द.
हो, मागच्या वेळी पुढून खुर्ची त्यानेच धरली होती.
नानांना म्हटलं, पावसाळाभर वर या. "पाणी आलं तं येतो. आदी कशाला?"

११ जुलै
दिवसभर ऊन. कपडे वाळले. आणि संध्याकाळी जिरवणीचा खड्डा काठोकाठ भरलेला. खालून. बुडबुडे येत होते. द.ने ग्रुपवर फोटो टाकला, "आपली यंत्रणा काम करतेय." त्यावर बारा अंगठे.
पाऊस नाही तर पाणी कुठलं?  पोलादपूरला लताला फोन केला. धाकटी बहीण, तिथेच शिकवते. नदीचं वरचं पाणी आधी तिला दिसतं, मग आम्हाला.
"ताई, सकाळपासून आभाळ फाटलंय इथं. आंबेनळी घाट बंद केलाय. नानांना आत्ताच्या आत्ता वर ने."
खाली गेले. हात जोडले, रडलेसुद्धा. "उद्या चा पिऊन येतो. आता निजू दे."

१२ जुलै
पुराचा भोंगा झाला तेव्हा पाणी गेटात. चपला घालून खाली पोचेपर्यंत पार्किंगमध्ये. किती चढलं ते कळेना, खांब नुसता पोपटी. द. म्हणाला, उतरेल आता. नेहमी उतरायचंच ना! आज आत येतंय आणि उभं राहतंय. लिफ्ट बंद.
नाना आत अडकलेत. त्यांचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, पाण्याने दाबून धरलंय. मी आणि द. दोघांनी ओढलं, हललं नाही. फटीतून आत पाणी जातंय. नाना कॉटवर उभे, खिडकीचे गज धरून. त्या गुडघ्यांवर.
होडीवाल्यांना फोन लागत नाही.
नाना गजांतून म्हणाले, "सुनंदा, भित्त फोड गो. येल जाऊ दे."
पहार आणि दोर घ्यायला वर आले. काही झालं तर कुणाला तरी कळावं म्हणून या चार ओळी. भिंत फुटली की समोरच्या माणसाला पाणी घेऊन जाणार, हे आम्हा दोघांनाही कळतंय. द.ला पोहता येत नाही. मला येतं. दोर माझ्या कमरेला, दुसरं टोक जिन्याच्या कठड्याला गुंडाळून त्याच्या हातात.
तो दारात उभा आहे. "ताई, मी सोडणार नाही," म्हणतोय. पहिल्यांदाच मला ताई म्हणाला.
नानांची हाक येत होती. आता येत नाहीये. जाते.