डोळ्यांनी पाहिलंत का

सर,

काल सकाळी काकूंचा फोन आला होता. तुमची खोली त्यांनी आता कुठे आवरायला काढलीय. पुस्तकं संस्थेला देऊन झाली, वह्या तेवढ्या राहिल्यात. त्यातल्या एका वहीत तुम्ही तो प्रोग्रॅम हाताने पुन्हा लिहून काढलाय म्हणे, ओळ न ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केलीय. "मला त्यातलं काही कळत नाही रे," काकू म्हणाल्या, "पण खुणा तर सगळ्या बरोबरच्या आहेत. मग चुकलं कुठं होतं? हे शेवटपर्यंत तेच घोकत होते. तुला माहीत असेल ना?" मी इथे दोहात, अबू हमूरच्या सिग्नलला गाडीत होतो. "काकू, अगदीच किरकोळ होतं हो ते. आता कशाला तो विषय," म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा कुठे मी गाडी हलवली. आज शुक्रवार, सुट्टी. घरातली सगळी मॉलला गेलीत, म्हणून बसलोय लिहायला. आता लिहून काय उपयोग, हे मलाही कळतं.

तुमच्याकडची माझी पहिली दोन वर्षं आठवतात. रविवारी तुम्ही आम्हा पोरांना जेवायला बोलवायचात आणि काकू पोळ्या लाटत असताना तिथेच ओट्याशी उभं राहून शिकवायचात. धातू म्हणजे बारीक बारीक स्फटिक, प्रत्येकाचं तोंड कुठल्या तरी दिशेला. पत्रा लाटला की त्यातले बरेचसे ठरावीक दिशेला तोंड करून बसतात. ही दिशा मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे, पण यंत्राला तुमचा पत्रा कुठून कुठे लाटलाय हे कुठे ठाऊक? ते तुम्ही सांगायचं. काकू म्हणायच्या, "अहो, त्यांना आधी जेवू द्या, स्फटिक कुठे पळून जात नाहीत." आणि तुम्ही त्यावरही गंभीरपणे म्हणायचात, "पळत नाहीत, पण फिरतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेले की फिरतात." एकाचा पहिला अक्ष उभा, दुसऱ्याचा आडवा. आकडे तेच राहतात, अर्थ नव्वद अंशांनी बदलतो, आणि पडद्यावर चित्र मात्र तितकंच देखणं दिसतं.

म्हणून तर तुम्ही तो प्रोग्रॅम लिहिला होतात, इकडची माहिती तिकडे नेणारा. प्रत्येक फाइलला तो थांबायचा आणि विचारायचा: लाटण्याची दिशा उभी की आडवी? आणि त्याच्याखाली, डोळ्यांनी पाहिलंत का? हो लिहिल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. आम्ही तुमच्या मागे हसायचो. एकदा मी नमुना न बघताच हो दाबलं आणि तुम्ही नेमके मागे उभे. "अहो रावसाहेब, नमुना तर अजून डबीत आहे. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत, डबी?" आठवडाभर यंत्राला हात लावू दिला नाहीत. मला अस्सा राग आला होता! पण आठव्या दिवशी तुम्ही स्वतःचं भिंग मला देऊन टाकलंत. पितळी काठाचं होतं. पत्र्यावरच्या लाटण्याच्या रेघा त्यातून स्वच्छ दिसायच्या.

आता दोहाचं सांगतो. तुम्हाला मी त्या वेळी फक्त कौतुकाचं तेवढं लिहीत होतो. वर्ल्डकप जवळ येत होता आणि सगळं शहर उकरून ठेवलेलं. सकाळचा रस्ता संध्याकाळी बंद. आमची तपासणीची लॅब अल रय्यानला होती, आणि जे येईल ते कालच हवं असायचं. नवं यंत्र आलं ते वेगळ्या कंपनीचं, त्याची माहिती आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उलटीसुलटी दिसायची. मी तुम्हाला मेल केली. दुसऱ्याच दिवशी तुमचा प्रोग्रॅम आला, सोबत दोन पानी सूचना, आणि खाली: "निवृत्त माणसाचं काहीतरी कामाला येतंय, बरं वाटलं." मी त्या सूचना उघडल्याच नाहीत. मला सगळं येतं, अशी माझी समजूत होती.

मग इमारती गार ठेवणाऱ्या एका प्लँटसाठीचे टायटॅनियमचे पत्रे आले. वर्कशॉपमध्ये कापून, दाबून आकार देताना ते तडकत होते. का तडकतात, ते आम्ही सांगायचं. फाइली ढिगाने, आणि तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलला थांबून विचारतोय, पाहिलंत का, पाहिलंत का. मॅनेजर दर तासाला डोकावून "यल्ला यल्ला" करत घाई लावतोय. मी वैतागलो. प्रोग्रॅम उघडला, प्रश्न काढून टाकला, आणि उत्तराच्या जागी कायमचं हो लिहून ठेवलं. लाटण्याची दिशा कायमची उभी. पाच मिनिटांचं काम. खरं सांगतो सर, तेव्हा स्वतःच्या हुशारीचं मला कौतुकच वाटलं होतं.

नमुने यंत्रात आडवे ठेवले होते. मीच ठेवले होते. रिपोर्ट गेला: पत्रे वर्कशॉपने चुकीच्या दिशेने कापले आहेत, म्हणून तडकतात. वर्कशॉपचा फोरमन रत्नागिरीचा होता, आमच्या वडिलांच्या वयाचा. उरलेला पत्रा बगलेत धरून तो आला. त्याच्या कंपनीने त्याला घरी पाठवायचं ठरवलं होतं. "साहेब, ह्या रेघा बघा. आंधळ्यालापण हाताला लागतील. आम्ही लांबीतच कापलंय," असं म्हणून त्याने माझं बोट धरून पत्र्यावरून फिरवलं. रेघा लागल्या बोटाला. तुमचं भिंग ड्रॉवरमध्ये होतं, ते काढायचीही गरज नव्हती. काय चुकलंय ते मला त्याच क्षणी कळलं.

मॅनेजरने विचारलं, ये कन्व्हर्ट किससे किया? आणि मी म्हणालो, सर, मी म्हणालो, "मेरे प्रोफेसर का प्रोग्राम है. पुराना है. उम्र हो गई है उनकी." उम्र हो गई है उनकी! कुणी विचारलं होतं तुमचं वय? रिपोर्ट मागे घेतला गेला, फोरमनची नोकरी वाचली, तो आभार मानत मला शुक्रनसुद्धा म्हणून गेला. सगळं मिटलं असं मी धरून चाललो. पण मॅनेजर शिस्तीचा निघाला. त्याने परस्पर तुम्हाला कळवलं, की आपल्या प्रोग्रॅममध्ये दोष आढळला आहे, आणि त्याची एक प्रत मला.

मी तेव्हाच फोन उचलायला हवा होता. एक फोन, बस. सर, मी प्रश्न काढून टाकला होता, एवढंच बोलायचं होतं. आज फोन करू, उद्या करू, असं करत मी चार दिवस काढले. मुलीची परीक्षा होती, मदिनत खलीफाला घर बघायला जायचं होतं, अशी एकेक कारणं. चौथ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. मॅनेजरला तुम्ही इंग्रजीत रीतसर माफी लिहिली होती. आणि तुमच्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्र गेलं, की हा प्रोग्रॅम यापुढे कुणी वापरू नये, त्यात माझ्या हातून चूक राहिली आहे, ती मला अद्याप सापडलेली नाही. वीस-बावीस वर्षं पोरं तो प्रोग्रॅम वापरत होती. कुणाचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे नुसती मी वापरलेली प्रत मागितली असतीत तरी तुम्हाला दिसलं असतं. तुम्ही मागितली नाहीत. मी त्यात हात घातला असेल, अशी शंकाच तुम्हाला आली नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा रजा मिळत नाही असं मी काकूंना सांगितलं. मिळत होती. तुमच्या घरात, त्या माणसांत उभं राहायचं मला धैर्य नव्हतं. कुणीतरी त्या प्रोग्रॅमचा विषय काढलाच असता. आणि ती वही तर मला माहीतच नव्हती. बरोबर असलेली प्रत्येक ओळ तुम्ही पुन्हा तपासत बसला होतात, त्या पत्रापासून जाईपर्यंत आठ महिने, अधू झालेल्या त्या डोळ्यांनी. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. कालपासून मी ताटातलं तसंच टाकून उठतोय, बायको विचारतेय काय झालं, आणि मी ॲसिडिटी म्हणून सांगतोय. अजून खोटंच.

हे काकूंना पाठवावं असं दोनदा मनात आलं. त्या वाचतील, आणि मला चांगलं माहीत आहे, रागावणार नाहीत. तेच नको आहे मला. म्हणून पाठवणार नाही. मी भित्रा तेव्हाही होतो, आताही आहे.

एक राहिलंय. मॅनेजरला लिहिलंत त्याच दिवशी तुम्ही मला वेगळं, मराठीत लिहिलं होतंत. परक्या मुलखात माझ्यामुळे तुझी मान खाली गेली, मला क्षमा कर, असं. त्याला मी उत्तर दिलं होतं, सर. "मनाला लावून घेऊ नका, चूक कुणाकडूनही होते, माझ्या मनात काही नाही." तासाभरात तुमची एक ओळ आली, "तू मोठ्या मनाचा आहेस." ती ओळ मी त्या दिवशी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली होती.